कुलुपांत राहिलेले खेळ

गेल्या दिवाळीच्या आधीं घरांतील अडगळ मोडीवाल्यास द्यावी म्हणून आमच्या व्हरांड्यांत एक ढीग लावून ठेविला होता. दीपनगरच्या वसाहतींत उभें आयुष्य काढलेल्या माणसास मोडीचें फारसें दुःख होऊं नये. भुसावळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या आश्रयानें ही वसाहत वसली. त्या केंद्राचा पहिला, आकारानें लहान असा संच केव्हांच कायमचा थांबला, आणि त्याहून कितीतरी मोठे, प्रत्येकीं ५०० मेगावॅटचे, दोन संच पुढें उभे राहिले. यंत्र जुनें झालें म्हणजे जातें, हें येथील लहान मुलासही ठाऊक असतें. तरीही त्या ढिगांत पडलेली एक चपटी, तळहाताएवढी पेटी पाहून माझा हात अडला, आणि तेवढी एक वस्तु सोडून बाकीचें सामान मोडीवाला घेऊन गेला.

ती पेटी म्हणजे माझ्या पुतण्याचा आयपॉड. तो शिक्षणासाठीं अमेरिकेंत असतां २००८ सालीं सुटींत घरीं आला, तेव्हां त्यानें हें वाद्य बरोबर आणिलें होतें. वाद्य म्हणावें कीं यंत्र, हा वाद आमच्या वडील बंधूंनीं तेव्हांच उपस्थित केला. तो मिटला नाहीं. गाणीं ऐकविण्याची सोय त्यांत होतीच, पण पुतण्यानें 'फेज' नांवाचा एक खेळ विकत घेऊन त्यांत घातला होता. आपल्याच संग्रहांतील कोणतेंही गाणें त्यास द्यावें; मग पडद्यावर दुरून एक वाट आपल्याकडे येऊं लागे, त्या वाटेवरून गाण्याच्या ठेक्यास अनुसरून ठिपके येत, आणि ठिपका जवळ येतांच खालच्या चाकावर डावीकडे, उजवीकडे किंवा मध्यें बोटानें अचूक दाबावयाचें. पुतण्यानें पंडित भीमसेन जोशी यांचा एक अभंग त्यास दिला. आमच्या वहिनींचा हात भजनांत टाळ धरण्यास सरावलेला; दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं मुलाला मागें टाकिलें. अमेरिकेंतील ज्या तरुणांनीं तो खेळ रचिला, त्यांच्या स्वप्नांतही असा खेळाडू आला नसेल.

पुढें तीनचार वर्षांनीं तो आयपॉड अडखळूं लागला. जवळच्या शहरांतील एका दुरुस्तीवाल्यानें तो चालता करून दिला. मात्र आंतील सर्व कांहीं पुसून. गाणीं पुन्हा भरतां आलीं. खेळ परत आला नाहीं. पैसे भरल्याची पावती पुतण्याजवळ होती, खातेंही त्याच्याच नांवावर होतें, परंतु ज्या संगणकावर तो खेळ उतरवून घेतला होता तो विकला गेला होता, आणि ज्या दुकानांतून घेतला त्या दुकानानें ती फळीच काढून टाकिली होती. घरांत एखादी पुस्तकाची प्रत फाटावी तसा हा प्रकार नव्हता. जगांत ज्या कोणीं तो खेळ विकत घेतला होता, त्या सर्वांची गत थोड्याफार फरकानें हीच होणार होती. ती तशी कां झाली, आणि अलीकडे कांहीं अनोळखी माणसांनीं एकत्र येऊन तिच्यावर काय तोड काढिली, हा वृत्तान्त आमच्या वाचकांस सांगण्याजोगा आहे.

आयपॉड प्रथम विक्रीस आला तो २००१ सालच्या नोव्हेंबरांत. पांच गिगाबाइटांची तबकडी आणि खिशांत एक हजार गाणीं, अशी त्याची जाहिरात होती. त्यांत प्रारंभीं एकच खेळ होता, आणि तोही दडवून ठेविलेला: चेंडूनें विटा फोडण्याचा. पुढच्या आवृत्तींत पत्त्यांचा एकट्यानें खेळण्याचा डाव, आकाशांतून उतरणाऱ्या छत्रीधारी शिपायांवर नेम धरण्याचा खेळ, आणि गाण्याचा तुकडा ऐकून नांव ओळखण्याचा खेळ, असे आणखी तीन आले. हे सर्व यंत्राबरोबर फुकट मिळत. विकत घेण्याचे खेळ निघाले ते १२ सप्टेंबर २००६ रोजीं. त्या दिवशीं अ‍ॅपल कंपनीनें आपल्या आयट्यून्स या दुकानांत नऊ खेळ मांडिले, प्रत्येकाची किंमत ४.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. 'पॅक-मॅन', 'टेट्रिस', 'झूमा', 'माजाँग' हे त्यांपैकीं होते. पुढील तीन वर्षांत ही संख्या वाढून ५४ झाली. आणि मग वाढ कायमची खुंटली.

या चौपन्नांपैकीं बहुतेकांविषयीं मला आदर नाहीं, हें आधींच सांगून टाकितों. सुडोकू आमच्या घरीं वर्तमानपत्राबरोबर रोज येतें, आणि 'टेट्रिस' तर जगांतील यच्चयावत् यंत्रांवर चालतो. तो आयपॉडवरून नाहींसा झाला म्हणून मनुष्यजातीचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु दोनतीन खेळ असे निघाले कीं ते गाण्याच्या पेटीशिवाय दुसऱ्या कशावर सुचलेच नसते. 'फेज' हा त्यांतला एक. हार्मोनिक्स या मॅसॅच्युसेट्समधील मंडळीनें तो २००७ च्या नोव्हेंबरांत काढिला. हीच मंडळी 'गिटार हीरो' या २००५ सालच्या गाजलेल्या खेळाची कर्ती. दुसरा 'म्युझिका', जपानी रचनाकार मासाया मात्सुउरा यांचा; गाणें चालू असतां पडद्यावर अक्षरें नाना रूपांनीं उमलत, आणि समोरचें अक्षर त्या गाण्याच्या नांवांत असेल तरच कळ दाबावयाची. तिसरा जपानच्याच स्क्वेअर एनिक्स कंपनीचा २००८ चा 'साँग समनर'. त्यांत खेळणाऱ्याच्या संग्रहांतील प्रत्येक गाण्यांतून एकेक योद्धा निर्माण होई, आणि असे योद्धे जमवून लढाई खेळावयाची. म्हणजे ज्याच्याजवळ जशीं गाणीं, तशी त्याची सेना. लावण्यांची सेना आणि अभंगांची सेना यांत कोण जिंकलें असतें हें पाहण्याची मला फार उत्सुकता होती. ती तशीच राहिली.

या खेळांचा काळ अगदींच थोडका ठरला. २००८ च्या जुलैंत त्याच कंपनीनें आयफोनसाठीं ॲप स्टोर उघडिलें, आणि खेळ रचणारे सारे तिकडे धांवले. चाक फिरवून खेळावयाच्या या लहानशा पडद्याकडे कोणी परत पाहिलें नाहीं. २०११ च्या सप्टेंबरअखेर हे सर्व खेळ दुकानांतून काढण्यांत आले. २०१४ च्या सप्टेंबरांत चाकाचा मोठा आयपॉडही बंद झाला. आणि २०२२ सालीं आयपॉड या नांवाचें शेवटलें यंत्र बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें. आम्हां भारतवासीयांच्या दृष्टीनें यांत एक विलक्षण योग आहे. आयट्यून्सचें दुकान हिंदुस्थानांत उघडलें तें डिसेंबर २०१२ मध्यें, म्हणजे खेळ काढून टाकल्यावर सव्वा वर्षानें. आमच्या पुतण्यासारख्या परदेशीं खातें असणाऱ्याचें सोडा. दीपनगरांत, जळगांवांत किंवा मुंबईंतही बसून येथील खात्यावर हे खेळ सरळ मार्गानें विकत घेण्याचा दिवस कधीं उगवलाच नाहीं. यात्रा उठून गेल्यावर आपल्या गांवची वेस उघडावी, तसें झालें.

येथवर जें झालें तें पूर्वीं कधीं झालें नाहीं असें मुळींच नाहीं. खेळ नाहींसे होणें ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. गंजिफांचेंच पहा. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शहा हसन याच्याकडे गंजिफा पाठविल्याचें त्याच्या आत्मवृत्तांत नमूद आहे. मोगली गंजिफा आठ रंगांच्या, ९६ पानांच्या. आपल्याकडे त्यांचें दशावतारी रूप झालें, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि दहा साधीं पानें, मिळून १२० वाटोळीं पानें. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्यांत एक्का वरचढ, दिवसा खेळावयाचें तर रामापासून आरंभ आणि रात्रीं कृष्णापासून, अशी ती व्यवस्था. आज आमच्या खानदेशांत आखाजीला जे पत्ते पिसले जातात ते बावन्न पानी विलायती. दशावतारी डाव मांडणारा खेळाडू शोधूं गेल्यास दिवा घेऊन हिंडावें लागेल. सावंतवाडीच्या राजघराण्यांतील शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उरल्यासुरल्या चितारी कारागिरांकडून ही कला शिकून राजवाड्यांत तिचें काम पुन्हा सुरू केलें, म्हणून तेथील लाखेचें पॉलिश केलेलीं पानें अजून बनतात. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. पान वांचलें, खेळणारा मात्र जवळजवळ गेला.

गंजिफांचा हा शेवट दुःखद खराच. पण त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. उद्यां चार मुलांनीं मनांत आणिलें तर तो खेळ परत येऊं शकतो. नियम लिहिलेले आहेत, पानें विकत मिळतात, आणि न मिळालीं तर जाड कागदावर काढतां येतात. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनीं १८७१ सालीं आपल्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या अवाढव्य ग्रंथांत 'क्रीडाकौशल्य' नांवाचा एक स्वतंत्र अध्याय घातला, आणि बुद्धिबळ, सोंगट्या अशा तत्कालीन खेळांच्या रीति पटांच्या आकृतींसह संस्कृतांत नोंदविल्या. ज्योतिषाच्या ग्रंथांत खेळांस जागा कशी, असा प्रश्न कोणास पडला असेल तर पडो. त्या पंडितानें केलेलें तें काम आज अभ्यासकांस उपयोगी पडत आहे. त्याला त्यासाठीं कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. सोंगट्यांच्या पटावर कोणाचें कुलूप नव्हतें.

हीच गोष्ट गाण्यांची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत त्यांच्या तोंडून जें निघे तें घरच्या माणसांनीं उतरून घेतलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळें व आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तें पुस्तकरूपानें महाराष्ट्रासमोर आलें. एक वही आणि एक ऐकणारा, एवढें साधन पुरलें. ध्वनिमुद्रिकेची रीत याहून यांत्रिक, पण तींतही अडवणूक नव्हती. लाखेची ती काळी तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनीं फिरविली आणि वर सुई ठेविली कीं ती वाजे. तिचा मालक कोण, दुकानदार जिवंत आहे कीं नाहीं, असें ती कोणास विचारीत नसे. म्हणून १९९० सालीं मुंबईंत ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची संस्था निघाली, तेव्हां जुन्या बाजारांत सांपडलेली कितीतरी वर्षांपूर्वींची तबकडीसुद्धां घरीं आणून ऐकतां येत होती.

आयपॉडच्या खेळांची स्थिति नेमकी येथें निराळी होते. खेळ विकत घेतला म्हणजे त्याचा एक पुडका आपल्या संगणकांत येई, तेथून तो दोरीनें आयपॉडमध्यें उतरवावयाचा. त्या पुडक्याला एक कुलूप असे. त्याचें नांव 'फेअरप्ले', म्हणजे खिलाडूपणा. नांव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीस दाद दिली पाहिजे. हें कुलूप विकत घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेलें होतें. ज्या संगणकावरून खेळ आयपॉडमध्यें घालावयाचा, त्या संगणकास त्या खात्याची मान्यता असली पाहिजे; ती मान्यता कंपनीच्या दूरस्थ यंत्राकडे विचारणा करूनच मिळे; आणि एका खात्यास एकूण पांच संगणकांपुरतीच ती मिळे. म्हणजे माझ्याजवळ खेळाचा पुडका आहे, तुमच्याजवळ चालता आयपॉड आहे, एवढ्यानें भागत नाहीं. पुडका ज्याच्या खात्याचा, त्याची संमति आणि त्यावर कंपनीचा रुकार, हीं दोन्हीं हवींत. उलट, आयपॉडमधून खेळ बाहेर काढून संगणकांत परत घेण्याची वाट तर मुळीं ठेविलेलीच नव्हती. आमच्या घरीं नेमका याच ठिकाणीं घात झाला.

यांत आणखी एक बारकावा आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. आयट्यून्समधील गाण्यांनाही प्रथम हेंच कुलूप होतें. त्याविरुद्ध ग्राहकांचा बोभाटा इतका झाला कीं २००९ सालीं कंपनीनें आपल्या दुकानांतील गाण्यांचीं कुलुपें काढून टाकिलीं. खेळांचीं काढिलीं नाहींत. गाण्यांच्या मागें कोट्यवधि ऐकणारे उभे होते. चौपन्न लहान खेळांच्या मागें कोण उभें राहणार? त्यानंतर दोन वर्षांनीं खेळ विकणें बंद झालें, तेव्हां किल्ली बनविणारा उठून गेला आणि कुलूप जागच्या जागीं राहिलें.

वीजकेंद्राच्या यंत्रशाळेंत काम केलेल्या माणसास हा प्रकार विशेष खुपतो. जुन्या संचाचा एखादा भाग बाजारांत मिळेनासा झाला तर आम्ही काय करीत असूं? मूळ नकाशा काढावा, झिजलेला तुकडा मोजावा, आणि लेथवर नवा कातून बसवावा. यंत्र कितीही परकें असलें तरी त्याचें पोट उघडून पाहतां येतें, हा आमचा सगळा विश्वास. येथें पोट उघडण्याचीच मनाई. आणि ती खिळ्यांनीं नव्हे, गणितानें केलेली. अशा गणिताचें कुलूप फोडणें फार थोड्यांना साधतें, आणि तें फोडणें कित्येक देशांत गुन्हाही आहे.

२०२४ सालीं एका हौशी मनुष्यानें या अडचणीवर जी युक्ति काढिली, तिची मौज अशी कीं तिनें कुलुपाला हातच लाविला नाहीं. संगणकाच्या पोटांत दुसरा एक संगणक बनवितां येतो. तो धातूचा नसतो. निव्वळ आज्ञांचा बनलेला असतो, त्यास आभासी संगणक म्हणूं. बाहेरून जोडलेल्या आयपॉडला किंवा दूरच्या कंपनीला तो खऱ्या संगणकासारखाच वाटतो, पण वस्तुतः तो एक मोठा दस्तऐवज असल्यामुळें त्याची नक्कल करून कोणासही देतां येते. या मनुष्यानें असा एक आभासी संगणक तयार करून त्यांत आयट्यून्स बसविलें, आणि जुन्या ग्राहकांस साद घातली: ज्यांच्या जुन्या संगणकाच्या तबकडींत हे खेळ पडून असतील, त्यांनीं ते पाठवावे, आणि आपल्या खात्याच्या पांच मान्यतांपैकीं एक या संगणकाला द्यावी. लोक पुढें आले. दूरवरून एकेकानें त्या संगणकांत स्वतः प्रवेश करून आपल्या खात्याचा शब्द टाकिला, कंपनीच्या यंत्रानें मान्यता दिली, आणि त्या ग्राहकाचे खेळ तेथें कायमचे उघडे झाले. एकदां मिळालेली मान्यता पुन्हा विचारावी लागत नाहीं. म्हणून तो आभासी संगणक जगांत कोठेंही नेऊन आयपॉड जोडला कीं सर्व खेळ त्यांत उतरतात, इंटरनेट असो वा नसो. चौपन्न खेळांच्या अनेक मालकांनीं आपापल्या किल्ल्या एकाच दाराशीं आणून लाविल्या, आणि दार उघडें असतांनाच त्या दाराची, भिंतीसकट, प्रतिकृति करून ठेविली, असें याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल.

२०२४ च्या शरदांत बहुतेक खेळ जमले होते, कांहीं थोडे उरले होते. हे उरलेले खेळ फारसे चांगले होते म्हणून दुर्मिळ झाले असें नाहीं. उलट शेवटीं शेवटीं निघाल्यामुळें ते फारच थोड्यांनीं घेतले होते, एवढेंच. शेवटचे खेळ मिळण्यास आणखी बरेच महिने लागले, आणि २०२५ सालीं चौपन्नावा खेळ हातीं येऊन संग्रह पुरा झाला. घाई होती ती एका भीतीमुळें. जुन्या आयट्यून्सला मान्यता देणारीं कंपनीचीं यंत्रें तोंवर चालूं होतीं. तीं बंद करण्यास कंपनीस कोणाची संमति घ्यावयाची नव्हती; ज्या दिवशीं तीं बंद पडतील त्या दिवसानंतर कोणाच्या माळ्यावर खेळाचा पुडका सांपडला तरी तो मुकाच राहिला असता.

या कामीं ज्या माणसांचा उपयोग झाला ते कोण, हें पाहिलें म्हणजे मला मनापासून हंसूं येतें. ग्रंथालयें नव्हेत, विद्यापीठें नव्हेत, खेळ विकणाऱ्या कंपन्या तर नव्हेतच. ज्यांनीं पंधरा वर्षें जुना संगणक फेंकला नाहीं, ज्यांच्या घरीं 'हें कशाला सांभाळून ठेवितां?' असें रोज विचारलें जात असेल, अशा चेंगट गृहस्थांनीं हा संग्रह पुरा केला. नीटनेटक्या घरांतून एकही खेळ मिळाला नसावा, अशी माझी खात्री आहे.

आतां कायद्याकडे वळूं. कोणी म्हणेल, कुलूप फोडिलें नाहीं हें खरें, तरी एकाचा खेळ दुसऱ्यास दिला कीं नाहीं? दिला. विकत घेणाऱ्यानें स्वतःपुरता घेतलेला खेळ सर्वांस वांटणें हें लेखाधिकाराच्या कक्षेबाहेर जातें असें म्हणणें कठीण आहे, आणि तें मीही म्हणणार नाहीं. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं ६५अ हें कलम घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें असें संरक्षक कुलूप चुकविणारास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊं शकतो. त्याच कलमांत सवलतीही आहेत, त्यामुळें आपला कायदा इतर कांहींच्या मानानें सौम्यच म्हणावा. परंतु मुदतीचें काय? संगणकाची आज्ञावली आपल्या कायद्यानें वाङ्मयांत मोडते, आणि वाङ्मयाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षें टिकतो. म्हणजे २००७ सालचा 'फेज' कायद्यानें मोकळा व्हावयाचा तो अगदीं लवकर म्हटलें तरी २०६७ उलटल्यावर. तोंपर्यंत एकही आयपॉड चालता राहिल्यास मी त्यास चमत्कार म्हणेन. अर्थात् तो पाहण्यास मी असणार नाहीं. जो हक्क वस्तूचें रक्षण करण्यासाठीं निर्माण झाला, तो वस्तु मेल्यावरही साठ वर्षें तिच्या दाराशीं पहारा करीत बसावा, हें रक्षण कोणत्या जातीचें?

हा प्रश्न चौपन्न खेळांपुरता नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत कोठेंही विकत मिळत नाहींत, असें तींत आढळलें. ग्रंथालयांनीं आपल्याजवळचे असे खेळ अभ्यासकांस घरबसल्या दाखवूं द्यावे, अशी मागणी तेथें करण्यांत आली होती. २०२४ च्या ऑक्टोबरांत ती नामंजूर झाली. लोक मौजेसाठीं खेळतील, ही भीति खेळ विकणाऱ्यांनीं पुढें मांडिली होती. खेळ कोणी मौजेसाठीं खेळेल ही भीति वाटावी, असा काळ आला आहे. पुस्तक ग्रंथालयांतून घरीं नेणारा मनुष्य तें मौजेसाठीं वाचील, म्हणून त्याला दाराशीं अडविलें तर आपण काय म्हणूं?

कंपनीचीही एक बाजू आहे, ती टाळतां येत नाहीं. बंद पडलेल्या यंत्रासाठीं दुकानाची एक फळी कायम मांडून ठेवावी, आणि तिच्यासाठीं माणसें नेमावीं, अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. आमच्या वसाहतींतला वाणीही न खपणारा माल पुढें मागवीत नाहीं. परंतु वाण्याकडून घेतलेला डबा आमच्या घरीं आल्यावर तो उघडण्यास वाण्याची संमति लागत नाहीं, आणि वाणी दुकान बंद करून गांवीं गेला म्हणून डब्याचें झांकण घट्ट बसत नाहीं. विक्री थांबवितांना कुलूप काढून देणें हें कंपनीस अवघड नव्हतें; गाण्यांच्या बाबतींत तिनेंच तें करून दाखविलें होतें.

हें सर्व पुतण्याला मीं पत्रानें कळविलें. तो आतां पन्नाशीकडे झुकला आहे, आणि त्याला आधीं त्या खेळाचें नांवही आठवेना. आठवलें तें आईमुळें. तिनें आपला उच्चांक मोडिला होता, एवढी एक गोष्ट तो विसरला नव्हता. त्यानें तो आभासी संगणक मिळवून आपल्या घरीं चालवून पाहिला आणि 'फेज' त्यांत आहे असें कळविलें. येत्या हिंवाळ्यांत तो यावयाचा आहे. दरम्यान आयपॉडची बॅटरी बदलण्याची व्यवस्था मीं करावी, असें त्याचें म्हणणें. ती मिळते, मुंबईहून मागवावी लागते, इतकेंच.

वहिनींस मीं हें सांगितलें, तेव्हां त्या देवघरांत वाती वळीत होत्या. त्यांनीं आपल्या हातांकडे पाहिलें. बोटें आतां वळत नाहींत, टाळही अलीकडे दुसरीच कोणी धरते. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो अभंग तरी राहिला आहे ना त्यांत?" तो नव्हता, पुसला गेला त्यांत तोही गेला होता. पण तो कोठूनही आणून भरतां येईल, असें मीं सांगितलें. मग त्या उठल्या, आणि आयपॉडची ती जुनी रुंद तोंडाची वायर कोठें ठेविली होती तें पाहण्यासाठीं कपाटाचे खण एकामागून एक उघडूं लागल्या. ती अजून सांपडलेली नाहीं.